जाळ्यात काय काय येतं?

फाल्गुनात उजनीचं पाणी उतरायला लागतं आणि भिगवणच्या काठावर मासेमारीला रंग चढतो. फ्लेमिंगो बघायला तर सगळेच जातात. या वेळी मान जरा खाली करूया, होडीच्या कडेवरून पाण्यात बघूया!

मासेमारी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आधी समुद्र येतो. ससून डॉकची गर्दी, हर्णैच्या वाळूवरचा लिलाव, रंगीत झेंडे लावलेल्या बोटी. फार तर एखाद्या ट्रॅव्हल चॅनलवरचा, गुडघाभर पाण्यात उभा राहून हसत हसत ट्राउट पकडणारा गोरा माणूस. पण पुण्याहून सोलापूर हायवेने जेमतेम शंभर किलोमीटर गेलं की गोड्या पाण्याचा एक आख्खा दर्याच पसरलाय, आणि त्यावर शेकडो घरांच्या चुली चालतात, हे आपल्या गावीही नसतं.

‘भिगवण ना? माहितेय! फ्लेमिंगो!’ असं तुम्ही म्हणणार याची खात्री आहे. आपल्यापैकी अर्ध्या लोकांच्या प्रोफाइलला तो गुलाबी फोटो कधी ना कधी लागून गेलाय. पण हिवाळा संपता संपता, म्हणजे फेब्रुवारीचे शेवटचे आणि मार्चचे पहिले दिवस, या तळ्यावर आणखी एक सीझन चालू असतो. त्याचे फोटो कुणी काढत नाही, कारण तो पहाटे साडेपाचला सुरू होतो आणि आपली गाडी पोचेपर्यंत आटोपलेला असतो.

तो सीझन बघायला आम्ही चौघं गेलो. एक मी, दोघं फोटोग्राफर आणि एक कट्टर मालवणी मित्र. ‘गोड्या पाण्यातला मासा म्हणजे मासाच नव्हे’ हे त्याचं ब्रीदवाक्य. तो फक्त गाडी चालवायला आला होता, असं त्याचं म्हणणं.

शून्याखालचं धरण

आधी थोडी ओळख. भीमा नदीवर सोलापूर जिल्ह्यात टेंभुर्णीजवळ बांधलेलं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. जलाशयाचं कागदावरचं नाव यशवंतसागर. तुडुंब भरलं की पाणी ३०० चौरस किलोमीटरच्या आसपास पसरतं आणि पुणे, सोलापूर, अहिल्यानगर अशा तीन जिल्ह्यांचे काठ ओले करतं. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ, पळसदेव ही सगळी या पसरलेल्या पाण्याच्या कडेची गावं. आपण ज्याला ‘बॅकवॉटर’ म्हणतो ते हेच.

उजनीची एक गंमत आहे. हे धरण मायनसमध्ये जातं! मार्च-एप्रिलच्या पेपरात ‘उजनी उणे वीस टक्के’ अशी बातमी वाचून तुम्हीही बुचकळ्यात पडला असाल. धरणात एकूण साधारण ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त पाणी म्हणजे मृत साठा. ते नेहमीच्या वापराच्या हिशेबात धरतच नाहीत. वरचं ५३ टीएमसी म्हणजे उपयुक्त साठा. तो संपला की उजनी ‘शून्यावर’ येतं आणि त्याखाली गेलं की ‘उणे’. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही पुण्याची चारही धरणं काठोकाठ भरली तरी २९ टीएमसीच्या आसपास पाणी होतं. म्हणजे उजनी ‘रिकामं’ झालं तरी त्यात पुण्याच्या चारही धरणांच्या दुप्पट पाणी असतं. २०२४ च्या उन्हाळ्यात तर ते उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेलं होतं आणि पळसदेवचं एरवी बुडालेलं पळसनाथाचं जुनं दगडी मंदिर उघडं पडलं होतं.

मासेमारीसाठी हे आकडे का महत्त्वाचे? कारण हिवाळ्यानंतर शेतीची आवर्तनं सुटतात, कालव्याने आणि नदीने पाणी सोलापूरकडे जातं आणि तळं आतल्या आत आक्रसायला लागतं. काठ रोज थोडा मागे सरकतो. उघड्या पडलेल्या गाळावर लोक गाळपेर करतात. काल जिथे होडी बांधली होती तिथे आठवड्याने कोथिंबीर उगवलेली दिसते. मासे मात्र तेवढेच राहतात, फक्त त्यांना राहायला जागा कमी होते. त्यात ऊन तापायला लागलं की पाणीही कोमट होतं, थंडीत सुस्तावलेला मासा हलायला लागतो आणि उथळ पाण्याकडे येतो.

थोडक्यात, फाल्गुन म्हणजे मासा पकडायला सगळ्यांत सोपा महिना. आणि सगळी भानगड याच सोपेपणात आहे.

पहाटे साडेपाच, अंगात स्वेटर

आमचे मामा (नाव कशाला, काठावर सगळे त्यांना मामाच म्हणतात) पंचावन्नच्या आसपासचे. डोक्याला मफलर, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. ‘मॅडम, बसा मधी. हलू नका,’ ही पहिली सूचना. दहा मिनिटांनी मी मॅडमची ‘ताई’ झाले होते.

जाळी आदल्या संध्याकाळीच लावलेली असतात. पाण्यात एखादी पारदर्शक भिंत उभी करावी तसं हे जाळं. वरच्या दोरीला तरंगण्यासाठी थर्माकोलचे तुकडे आणि रिकाम्या पाण्याच्या बाटल्या, खालच्या दोरीला वजनासाठी शिशाचे मणी. रात्री फिरणारा मासा त्या भिंतीत डोकं घालतो आणि कल्ल्यापाशी अडकतो. पुढे जाता येत नाही, मागे येता येत नाही. पहाटे फक्त गोळा करायचं.

‘फक्त’ हा शब्द मी होडीत बसायच्या आधीचा! एका हाताने दोरी ओढायची, दुसऱ्याने मासा सोडवायचा, पायाच्या अंगठ्याने जाळं दाबून धरायचं आणि हे सगळं होडी डुचमळू न देता. मामांचा धाकटा मुलगा वल्ही धरून बसला होता. पाणी इतकं शांत होतं की वल्ह्यावरून निथळणारे थेंब मोजता आले असते. पूर्वेकडे थोडं उजाडलं आणि लांबवर पांढरी रेघ दिसली. ती रेघ हळूहळू गुलाबी झाली. फ्लेमिंगोच! मराठीत यांना रोहित म्हणतात. पण सांगते, त्या क्षणी आमचे दोन्ही फोटोग्राफर पाठ फिरवून जाळ्याचे फोटो काढत होते.

‘हितं खाली आमची हीर हाय,’ मामा सहज बोलावं तसं बोलले.

मला आधी कळलंच नाही. हीर म्हणजे विहीर. आमच्या होडीच्या बरोब्बर खाली मामांच्या वडिलांची विहीर होती, शेजारी चिंचेचं झाड होतं आणि पलीकडे पाच एकर काळं रान. धरण भरलं तेव्हा मामा दहा वर्षांचे होते. ‘आधी मोट हाकायचो, आता जाळं वडतो. जागा तीच!’ हे सांगताना ते हसले, म्हणून आम्हीही हसलो. नंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

कोण कुठल्या मजल्यावर?

मासा ओळखायचा कसा, याचं क्रॅश कोर्स मामांनी जाळं ओढता ओढताच दिलं. आपल्या फ्लॅटवाल्यांना समजेल अशा भाषेत सांगायचं तर तळं म्हणजे तीनमजली सोसायटी. वरच्या मजल्यावर कटला. मोठं डोकं, वर वळलेलं तोंड, कारण तो पृष्ठभागाजवळचं खातो. मधल्या मजल्यावर रोहू. तळमजल्यावर मृगळ, तोंड खाली वळलेलं, गाळात चरणारा. एकाच पाण्यात तिघं राहतात, पण एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. म्हणूनच तळ्यात मासे सोडताना हे तिघं एकत्र सोडतात.

सोडताना? हो, कारण या तिघांना तळ्याचं साचलेलं पाणी संसार करायला सहसा पसंत नसतं. पावसाळ्यात नदीला पूर आला की ते वाहत्या पाण्याकडे, प्रवाहाच्या उलट चढत जातात आणि तिथे अंडी घालतात. हे सगळ्यांना जमतंच असं नाही. म्हणून मत्स्यकेंद्रात पिल्लं वाढवून जलाशयात सोडावी लागतात. बोटाएवढी झालेली ती पिल्लं म्हणजे बोटुकली. काय गोड शब्द आहे ना? बोटुकली!

या तिघांखेरीज मरळ आणि वाम आहेत, दोन्ही महाग आणि दुर्मीळ. सापासारखी लांब वाम जाळ्यात आली की त्या दिवशी घरी पेढे वाटायचे तेवढे बाकी असतात, असं मामांचा मुलगा म्हणाला. त्या दिवशी वाम आली नाही. तीन कटला आले, दोन रोहू आले आणि मग जाळंभर, टोपलीभर, होडीभर आली ती चिलापी.

चिलापीचं राज्य

चिलापी म्हणजे तिलापिया. मूळची आफ्रिकेतली. भारतात आणली १९५२ मध्ये आणि आता इथे तिचंच राज्य आहे. कारण सोपं आहे. तिला पूर नको, वाहतं पाणी नको, मत्स्यकेंद्र नको. नर उथळ पाण्यातल्या चिखलात ताटाएवढा गोल खड्डा करतो, मादी त्यात अंडी घालते आणि लगेच ती तोंडात उचलून घेते. पिल्लं बाहेर येईपर्यंत आणि नंतरही काही दिवस ती त्यांना तोंडात सांभाळते. धोका दिसला की सगळी बाळं आईच्या तोंडात! वर्षातून एकदा नाही, अनेकदा. ही आई, आणि पुराची वाट बघत बसणारा कटला. स्पर्धा कशी होणार?

परत येताना मामांच्या मुलाने होडी मुद्दाम काठाजवळून घेतली. पाणी उतरून उघड्या पडलेल्या गाळात शेकडो गोल खड्डे होते, अगदी पंगतीला ताटं मांडावीत तसे. पाणी खाली गेलं आणि चिलापीची घरं उन्हात पडली. आणखी थोडं आत, पाण्याखाली, नवीन ताटं मांडायचं काम चालूच होतं.

चिलापीला आणखी एक गोष्ट चालते. घाण पाणी. आणि इथे आपला, म्हणजे पुणेकरांचा, प्रवेश होतो.

आपल्या घरून आलेलं सामान

नकाशा काढा. पवना दापोडीला मुळेला मिळते. मुळा आणि मुठा संगमावर भेटतात. मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेत शिरते. इंद्रायणी त्याआधीच तुळापूरला भीमेत आलेली असते. आणि भीमा येते थेट उजनीत. हिंजवडीचं, पिंपरीचं, कोथरूडचं, हडपसरचं... आपण सकाळी आंघोळ करून, कपडे धुऊन, फ्लश करून जे खाली सोडतो ते काही प्रक्रिया होऊन आणि बरंचसं तसंच, याच रस्त्याने निघतं. त्याचं शेवटचं स्टेशन म्हणजे भिगवण.

साबण आणि सांडपाण्यातून येणारा नायट्रोजन, फॉस्फरस म्हणजे शेवाळाला खतच. वरून काठच्या उसाचं खतही वाहून येतं. उन्हाळा वाढत गेला की पाण्यावर हिरवट साय धरते. त्यातली काही निळी-हिरवी शेवाळं ‘जिओस्मिन’ नावाचं एक रसायन तयार करतात. पहिल्या पावसानंतर मातीला जो सुगंध येतो ना, त्यातही हेच असतं. मातीत आलं की आपण कविता करतो आणि माशात आलं की नाक मुरडतो. आमच्या मालवण्याच्या ‘मातकट, मातकट’ या तक्रारीमागे खरं तर हे शेवाळ आहे. आणि त्या शेवाळाला वाढवण्यात त्याच्या वॉशिंग मशीनचाही हात आहे!

जाळ्यातून बाहेर आलेली पुढची वस्तू बघून आम्ही सगळेच मागे सरकलो. काळपट, अंगावर खरबरीत चिलखत, पाठीवर उभा पंख, तोंड खालच्या बाजूला वाटीसारखं. ‘ओळखा!’ मुलगा म्हणाला. आमच्यातल्या एका फोटोग्राफरने लगेच ओळखला, कारण त्याच्या हॉलमधल्या फिश टँकची काच हाच मासा साफ करतो. सकर! मूळचा दक्षिण अमेरिकेतला. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात तो बोटाएवढा मिळतो. मग तो वाढतो, वाढतच जातो, टँकमध्ये मावेनासा होतो आणि कुणीतरी ‘जाऊ दे, जीव वाचेल बिचाऱ्याचा’ म्हणून त्याला जवळच्या नदीत सोडून येतं.

बिचाऱ्याचा जीव वाचतो, हे खरं. उजनीत तो चांगलाच रुळलाय. त्याला बाजारात किंमत नाही. त्याचे टोकदार काटे जाळ्यात असे रुततात की मासा सोडवण्यापेक्षा जाळं कापणं सोपं पडतं. मामांनी एका सकरसाठी दहा मिनिटं घालवली. मग जाळ्याला पडलेलं भोक माझ्यापुढे धरलं, त्यातून हात आरपार घातला आणि म्हणाले, ‘ह्यो काय खायचा नाय, इकायचा नाय. नुसता जाळी खातो.’

जाळ्यात आणखी काय होतं म्हणता? दोन चिप्सची पाकिटं, एक चप्पल आणि एका मोठ्या ब्रॅंडच्या शाम्पूची बाटली. मामांनी ती बाटली नीट धुऊन बाजूला ठेवली. बोया म्हणून चालेल.

वडाप

आपल्याकडे वडाप म्हणजे शेअर जीप. माणसं कोंबून भरलेली, टपावरसुद्धा बसलेली. उजनीवर वडाप हे एका जाळ्याचं नाव आहे. बारीक आसाचं, लांबलचक, पाण्यातून ओढत काठाला आणायचं जाळं. जीपसारखंच! दिसेल त्याला आत घेतं, कुणालाही मागे सोडत नाही.

इथे ‘आस’ म्हणजे जाळ्याच्या एका चौकोनाचा आकार. मामांच्या जाळ्यातून माझी चार बोटं सहज आरपार जातात. म्हणजे हातभर कटला अडकतो आणि वितभर कटला निसटतो. वडापातून बोटुकलीसुद्धा सुटत नाही. अशा जाळ्यांना बंदी आहे, अधूनमधून कारवाईही होते. पण एवढ्या मोठ्या पाण्यावर रात्रभर नजर कोण ठेवणार?

परतीच्या वाटेवर आम्ही ते बघितलं. काठावर सात-आठ जण, दोन टोकांना धरून जाळं ओढत होते. जाळ्याच्या पोटात चांदीसारखं काहीतरी खळबळत होतं. जवळ गेलो तेव्हा दिसलं, कटला आणि रोहूची पिल्लं. एकेक बोटाएवढी, फार तर वितीएवढी. क्रेटच्या क्रेट. ही खायला कोण घेणार? काही सुकवतात, काही स्वस्तात जातात, इतकंच उत्तर मिळालं.

मामांनी त्या बाजूला बघितलंसुद्धा नाही. आमची होडी बरीच पुढे गेल्यावर मी विचारलं, ‘मामा, तुम्ही काही बोलत नाही त्यांना?’

‘त्यातला एक माझा चुलतभाऊ हाय, ताई. वैशाखात त्याच्या पोरीचं लगीन हाय.’ मग थोडं थांबून, ‘किलोला पंधरा-सोळा बसत्याल ती पिलं. दोन वर्सं ठेवली तर एकेक दोन-तीन किलोचा व्हतो. ह्यो हिशेब त्याला बी येतो की. पर लगीन दोन वर्सांनी न्हाय ना.’

मला वाटतं, अख्ख्या उजनीचं कोडं या चार वाक्यांत आलं. कटला साधारण दुसऱ्या वर्षी वयात येतो. म्हणजे आज सुटलेला मासा पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या पावसाळ्यात नदी चढेल, तेव्हा कुठे त्याची पिल्लं. पाणी उतरतंय, मासा काठाला आलाय, हात घातला की मिळतोय. अशा महिन्यात हात आवरायचा, तेही शेजारचा आवरत नसताना! एकट्या मामांनी पिल्लं सोडली तर ती मामांनाच मिळतील, असं थोडंच आहे? ती उद्या चुलतभावाच्या वडापात जाणार.

तरीही त्या सकाळी दोरीत गुंतलेली दोन छोटी कटलाची पिल्लं मामांनी सोडवली आणि मागच्या मागे पाण्यात टाकली. बघितलंही नाही कुठे पडली. मी विचारलं तर म्हणाले, ‘सवय.’

धाकट्याची दुर्बीण

मामांच्या मुलाला मात्र मासेमारीत राम वाटत नाही. त्याच्या गळ्यात दुर्बीण असते. पट्टकदंब, चित्रबलाक, कैकर हे तर त्याला येतातच, पण त्यांची इंग्रजी नावंही तो टूरिस्टना घडाघडा सांगतो. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब यंदा किती आले हे तो बोटांवर सांगतो. सकाळी सहा ते दहा पक्ष्यांची फेरी मारली की त्याला मिळणारे पैसे मामांच्या रात्रभराच्या जाळ्यापेक्षा अनेकदा जास्त असतात. ‘जाळी विकून टाकू आणि दुसरी बोट घेऊ,’ हे त्याचं म्हणणं.

‘पक्षी मार्चला जात्यात,’ मामा म्हणतात. ‘मग आठ म्हयने काय दुर्बीण खायची?’

बापलेकांचा हा वाद आमच्यासमोर दोनदा झाला. निकाल लागला नाही. पण मला एक गोष्ट लक्षात आली. दोघांचाही धंदा एकाच पाण्यावर आहे. मासा संपला तर त्यावर जगणारे बगळे, पाणकावळे आणि कैकरही राहणार नाहीत. आणि पाणी हिरवं झालं, त्याला वास मारायला लागला, तर टूरिस्टही राहणार नाहीत. वरून काय येतं हे दोघांच्याही हातात नाही. ते आपल्या हातात आहे.

लिलाव आणि जेवण

साडेसातला भिगवणच्या मासळी बाजारात. इथे घड्याळ आपल्यापेक्षा दोन तास पुढे चालतं. ओल्या फरशीवर मासळीचे ढीग, भोवती व्यापारी, मधे लिलाव पुकारणारा. आकडे इतक्या वेगात पळतात की आपला शेअर बाजार झोपाळू वाटावा. मामांचे तीन कटला पाच मिनिटांत गेले. चिलापीला जरा वेळ लागला, कारण त्या दिवशी सगळ्यांनीच चिलापी आणली होती. पैसे मोजून खिशात, चहा, आणि मामा झोपायला घरी. आपण ऑफिसात लॉगिन करतो तेव्हा त्यांचा दिवस संपलेला असतो.

जेवायला त्यांच्याच घरी. मावशींनी चिलापी साफ केली, मीठ, हळद आणि भरपूर लिंबू चोळून अर्धा तास ठेवली. आंबटाने तो मातकट वास मोडतो. हे विज्ञानही सांगतं आणि मावशींच्या सासूबाईही सांगायच्या. मग धुऊन, काळं तिखट आणि आलं-लसूण लावून तव्यावर. सोबत डोक्याचं झणझणीत कालवण, ज्वारीची गरम भाकरी आणि बुक्कीने फोडलेला कांदा. आमचा मालवणी मित्र पहिले चार घास काहीच बोलला नाही. मग त्याने तिसरा तुकडा घेतला. ‘सुरमई नव्हे ही,’ तो म्हणाला. मावशी म्हणाल्या, ‘न्हायच. चिलापी हाय. घ्या अजून.’ त्याने घेतली.

मासे खाणारा प्रत्येक माणूस ‘ताजा आहे का?’ एवढंच विचारतो. उजनीच्या काठावर एक दिवस काढल्यावर आणखी दोन प्रश्न विचारावेसे वाटतात. हा केवढा असताना पकडला? आणि हा ज्या पाण्यात वाढला त्यात माझ्या घरचं काय काय होतं?

जाताय? मग हे वाचून जा

कधी: फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य. पक्षी आणि मासेमारी दोन्ही बघायचं असेल तर हाच काळ. पहाटे गारवा, अकरानंतर टळटळीत ऊन. टोपी न्याच.

कसं: पुणे-सोलापूर हायवेने दोन-सव्वादोन तास. पुणे-दौंड-सोलापूर रेल्वेमार्गावर भिगवण स्टेशनही आहे. मासेमारी बघायची तर आदल्या रात्री मुक्काम करा. काठच्या गावांत घरगुती राहण्या-जेवण्याची सोय होते.

होडीत: लाइफ जॅकेट मागून घ्या, फोटोसाठी काढून ठेवू नका. मे २०२४ मध्ये कळाशी आणि कुगावच्या दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. वारा दुपारनंतर वाढतो आणि उन्हाळा चढला की वळवाचा भरवसा नसतो. पाण्यावर जायचं ते सकाळीच.

गळ टाकायचाय? जरूर. पण मासेमारीला परवाना लागतो, तेव्हा आधी चौकशी करा आणि लावलेल्या जाळ्यांपासून लांब बसा. कणकेचा गोळा किंवा गांडूळ, आणि सोबत भरपूर सबुरी. पिल्लू लागलं तर ओल्या हाताने सोडवून परत पाण्यात.

पक्ष्यांना: कुरवांना शेव-फरसाण टाकू नका. त्यांचं पोट मासे खाण्यासाठी आहे.

घरी टँक आहे? सकर मोठा झाला तर दुकानदाराला परत करा, नाहीतर मित्राला द्या. नदीत नको.

हॉटेलात: भिगवणच्या हायवेवर मासळीच्या हॉटेलांची रांगच आहे. चिलापी बिनधास्त मागवा, ती भरपूर आहे. कटला किंवा रोहू मागवलात तर मोठ्या माशाचा तुकडा मागा. ताटलीत वितभर अख्खा कटला आला तर परत पाठवा आणि का ते सांगा. गिऱ्हाईक घेईनासं झालं तर हॉटेलवाला लिलावात तो मासा उचलणार नाही. मग कदाचित काठावरच्या एखाद्या चुलतभावालाही हात आवरायला एक कारण मिळेल.